दहा महिने, चौघं जण, बुकिंग नक्की कुठून करावं?

पाऊलखुणा

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही चौघं दहा महिन्यांसाठी निघतोय. मी, नवरा, मुलगी सहा वर्षांची आणि मुलगा वीस महिन्यांचा. अजून दोन महिने हातात आहेत. दोघांचीही बिनपगारी रजा मंजूर झालीय, राहतं घर तेवढ्या काळासाठी भाड्याने जातंय, म्हणजे आता मागे फिरायचा प्रश्नच नाही. देश बदलत जायचं, पण प्रत्येक ठिकाणी निदान तीन-चार आठवडे थांबायचं, रोज उठून बॅगा भरायच्या नाहीत, एवढं पक्कं ठरलंय.

अडलंय ते बुकिंगपाशी. आजवरच्या आमच्या सगळ्या सुट्ट्या आठ-दहा दिवसांच्या, फोनमधे जे ॲप असेल त्यावर स्वस्त दिसेल ते घेतलं की काम भागायचं. आता तसं करायला हात धजत नाही. आठ दिवसांत काही बिघडलं तर माणूस कसंबसं निभावून नेतो, पण दहा महिन्यांत बिघडणारच असं धरून चालायला हवं ना, मुलं आजारी पडणार, एखादी जागा आवडणार नाही, एखादी इतकी आवडेल की हलावंसंच वाटणार नाही. नवऱ्याचं म्हणणं आहे की विमान, घर, गाडी सगळं एकाच ॲपवर घेऊ, एकच लॉगिन, पॉइंटही जमतील. मला नेमकी त्याचीच भीती वाटतेय पण का ते नीट सांगता येत नाहीये.

तर विमानाची तिकिटं कुठून काढता, महिनाभराच्या घरांसाठी काय वापरता, आधी किती बुक करून ठेवता आणि ट्रॅव्हल एजंट लागतोच का, हे ज्यांनी लहान मुलं घेऊन लांबचा प्रवास केलाय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज. मी सगळं वाचणार आहे.

मनमोकळी

छान विषय काढलात ताई. आम्हीपण पुढच्या वर्षीच्या विचारात आहोत. वाचतेय.

निळी_बॅग

तुमची भीती बरोबर आहे, आणि ती का वाटतेय ते मी सांगते. आम्ही तीन मुलं घेऊन चौदा महिने फिरलो, निघताना धाकटी तीन वर्षांची होती. त्यातून जे शिकलो ते हे की शोधायचं एकीकडे आणि विकत घ्यायचं दुसरीकडे, ही दोन वेगळी कामं आहेत आणि ॲपवाले ती एकत्र करून दाखवतात तिथेच आपण फसतो.

गूगल फ्लाइट्स, स्कायस्कॅनर ही शोधायची साधनं. ती दहा जणांचे दर एकत्र मांडतात आणि तुम्हाला पुढे विकणाऱ्याकडे पाठवून देतात. महिनाभराचे भाव कॅलेंडरवर दिसतात, दर बदलला की ईमेल येतो, स्कायस्कॅनरवर तर ठिकाण न टाकता कुठेही असं निवडून शोधता येतं आणि ज्यांचा मार्ग अजून ठरलेला नाही त्यांना हे फारच उपयोगी. इथपर्यंत भरपूर वापरा. पण तिकीट घेताना त्या यादीतलं सगळ्यात स्वस्त, कधी नाव न ऐकलेलं दुकान न निवडता थेट विमान कंपनीच्या साइटवर जा. दर थोडा जास्त असेल तरी.

हे मी अनुभवाने सांगतेय. आमचं एक तिकीट अशाच एका ऑनलाइन एजन्सीकडून काढलेलं, कंपनीने विमानाची वेळ बदलली आणि पुढचं विमान हातातून गेलं. कंपनी म्हणे तिकीट एजन्सीचं आहे त्यांच्याशी बोला, एजन्सी म्हणे बदल कंपनीने केलाय त्यांच्याशी बोला, आणि आम्ही तीन मुलं घेऊन विमानतळाच्या जमिनीवर बसलेलो, फोनची बॅटरी अकरा टक्के. धाकटी रडून रडून माझ्या पायावर झोपली होती. त्या दिवसानंतर मी दर बघायच्या आधी हे बघते की बिघडलं तर फोन कोण उचलणार.

आणखी एक, चार-पाच साइट उघडल्या की आपल्याला वाटतं सगळा बाजार बघून झाला. बुकिंग डॉट कॉम, अगोडा, प्राइसलाइन, कयाक ही एकाच बुकिंग होल्डिंग्जची. एक्स्पीडिया, हॉटेल्स डॉट कॉम आणि व्हर्बो एक्स्पीडिया ग्रुपची. स्कायस्कॅनर हे ट्रिप डॉट कॉमच्या समूहातलं. म्हणून दर ताडून बघायचे तर वेगवेगळ्या घरचे बघा आणि एक खिडकी हॉटेलच्या स्वतःच्या साइटची उघडा, बरेचदा तोच दर किंवा त्याहून बरा मिळतो आणि एक जास्तीचा पलंग मागायला थेट ईमेल करता येतो.

तिकीटघर

निळी_बॅग यांनी लिहिलंय त्यामागचं कारण सांगतो, मी बरीच वर्षं तिकिटं काढण्याचंच काम केलंय.

तिकीट ज्याने इश्यू केलं त्याच्या ताब्यात ते असतं. एजन्सीने काढलेलं तिकीट बदलायचं तर साधारणपणे एजन्सीनेच बदलायचं, विमान कंपनीच्या काउंटरवरचा माणूस बरेचदा हात लावू शकत नाही, त्याला मदत करायची इच्छा असली तरी. प्रवास सुरू झाल्यावर, विमान रद्द झाल्यावर परिस्थिती थोडी बदलते, पण त्याच्या आधी नाही.

म्हणून कुठूनही तिकीट घेतलंत तरी दोन गोष्टी तपासा. पीएनआर म्हणजे सहा अक्षर-आकड्यांचा कोड, ते फक्त आरक्षण. खरं तिकीट म्हणजे ई-तिकीट नंबर, तो १३ आकडी असतो आणि पहिले ३ आकडे विमान कंपनीचे. एजन्सीचा ईमेल आला, पैसे कापले गेले, पीएनआर आला, पण १३ आकडी नंबर नाही म्हणजे तिकीट अजून निघालेलं नाही. प्रत्येक माणसाचा नंबर वेगळा, म्हणजे तुमचे चार हवेत. ते आले की विमान कंपनीच्या साइटवर पीएनआर आणि आडनाव टाकून सगळे एकत्र दिसताहेत ना ते बघा. कधीकधी स्वस्त दर्जाच्या सीट कमी उरल्या म्हणून कुटुंबाचे दोन पीएनआर करून टाकतात, मग विमान रद्द झाल्यावर सिस्टिम निम्म्यांना एका विमानात आणि निम्म्यांना दुसऱ्यात टाकू शकते, कारण तिच्या लेखी ते एक कुटुंबच नाही. तसं झालं असेल तर फोन करून दोन्ही पीएनआरमधे एकमेकांची नोंद घालून घ्या.

आता पाऊलखुणा, तुमच्या पोस्टमधे मला दोन गोष्टी खटकल्या, स्पष्ट लिहितो. तुमचा मुलगा वीस महिन्यांचा, निघायला दोन महिने, म्हणजे निघताना बावीस महिन्यांचा. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर चालतं, पण वय प्रवासाच्या दिवशीचं धरतात, बुकिंगच्या नाही. प्रवासाच्या मधेच तो दोन वर्षांचा होणार, त्यानंतरच्या प्रत्येक विमानात त्याला स्वतःची सीट आणि मुलाचं तिकीट लागणार. काही साइट्सच्या फॉर्ममधे फक्त इन्फंट की चाइल्ड एवढंच विचारतात, आपण आजच्या वयाने इन्फंट टाकतो आणि परतीच्या वेळी चेक-इनला अडकतो.

दुसरं, परतीची तारीख. बहुतेक विमान कंपन्या उड्डाणाच्या साधारण ३३० ते ३६० दिवस आधी तिकिटं खुली करतात. तुम्ही आज दोन महिन्यांनंतरचं जाणं आणि बारा महिन्यांनंतरचं येणं शोधलंत तर येण्याची तारीख सापडणारच नाही. तेव्हा एकतर जायचं एकेरी तिकीट काढा, नाहीतर तारीख बदलता येणारं परतीचं तिकीट अलीकडच्या तारखेचं काढून नंतर पुढे ढकला, पण नेहमीच्या तिकिटाची मुदत प्रवास सुरू झाल्यापासून एक वर्षाची असते ते लक्षात असू द्या. एकेरी तिकिटावर जाताना बऱ्याच देशांना तिथून बाहेर पडायचं तिकीट दाखवावं लागतं, आणि ते इमिग्रेशनच्या आधी विमान कंपनीच्याच काउंटरवर विचारतात, कारण तुम्हाला परत पाठवलं तर आणायची जबाबदारी त्यांची असते.

आणि सेल्फ ट्रान्सफर असं कुठे लिहिलेलं दिसलं तर दोन मुलं बरोबर असताना शक्यतो तिकडे जाऊ नका. ती दोन स्वतंत्र तिकिटं शेजारी ठेवून एक प्रवास असल्यासारखी विकलेली असतात. मधल्या विमानतळावर सामान घेऊन बाहेर यायचं, परत चेक-इन करायचं, त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो, आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसऱ्या कंपनीचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

पाऊलखुणा

तिकीटघर काका (काका म्हटलेलं चालेल ना?), पोटात गोळाच आला वाचून. आम्ही परवाच एका साइटवर जाण्या-येण्याचं शोधत होतो आणि परतीची तारीख निवडताच येत नव्हती, आम्हाला वाटलं साइटच बिघडलीय. आणि वाढदिवसाचं तर डोक्यातच आलं नव्हतं, त्याचा वाढदिवस कुठे साजरा करायचा हे ठरवून ठेवलंय पण त्यानंतर सीट लागणार हे नाही!

नवऱ्याला धागा वाचायला दिलाय. आता घरांबद्दल कोणी लिहा ना, मला सगळ्यात जास्त चिंता त्याचीच आहे. मुलांची झोप झाली तर सगळं झालं असं आमच्याकडे आहे.

तिकीटघर

काका चालेल की.

उंबरठा

घरांबद्दल मी लिहिते. आम्ही चौघं (मुलं नऊ आणि पाच) दीड वर्ष जवळपास सगळं महिन्या-महिन्याच्या घरात राहिलो.

एअरबीएनबीवर २८ रात्री ही रेषा लक्षात ठेवा. बरेच मालक २८ रात्रींपासून पुढे महिन्याची सूट लावतात, त्यामुळे २५ रात्रींपेक्षा २८ रात्री स्वस्त पडल्याचं आम्ही दोन-तीनदा पाहिलं, तारखा मागेपुढे करून नक्की बघा. पण हीच रेषा दुसऱ्या बाजूनेही आहे आणि ती फार कमी लोक बघतात. २८ किंवा जास्त रात्रींच्या बुकिंगला रद्द करण्याचे दीर्घ मुक्कामाचे वेगळे नियम लागतात आणि ते कडक असतात, मुक्काम सुरू व्हायच्या आधीच्या महिन्यात रद्द केलं किंवा मधेच सोडून निघालात तर साधारण महिन्याभराचे पैसे जाऊ शकतात. एकाच घराच्या २० रात्रींसाठी जे वाचलं तेच ३० रात्रींना लागू असं समजू नका, तारखा टाकून झाल्यावर पैसे भरायच्या पानावर जे नियम दिसतात ते परत वाचा. मी तर स्क्रीनशॉटच काढून ठेवायचे.

आमची पद्धत अशी झाली की नवीन शहरात पहिल्या चार-पाच रात्री मोफत रद्द होणारं हॉटेल, तेही शक्यतो तिथे पोचल्यावर पैसे द्यायचं, आणि महिन्याचं घर त्या दिवसांत प्रत्यक्ष बघून मग घ्यायचं. फोटोत रस्त्याचा आवाज येत नाही, चौथा मजला आणि लिफ्ट नाही हे कळत नाही, बाल्कनीच्या कठड्याच्या गजांमधून मुलाचं डोकं जाईल का हे कळत नाही. दोन वर्षांच्या मुलासाठी हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे हो, खिडक्या किती खाली आहेत, जिन्याला फाटक आहे का, गीझरचं पाणी किती तापतं. जिथे आधी बघणं शक्य नसेल तिथे मालकाला मेसेज करून खिडक्यांचे आणि बाल्कनीचे फोटो मागवा, जो माणूस एका दिवसात फोटो पाठवतो तो नंतर नळ गळला तरी येतो. हा माझा निकष आजवर चुकला नाही.

शोधताना मुलांची संख्या आणि वय खरं टाका. हॉटेलांच्या साइटवर मुलाच्या वयावर दर आणि पलंग दोन्ही बदलतात, आणि दोनच माणसं टाकून स्वस्त खोली घ्यायची आणि दारात चार जण उभे राहायचे, यात अपमानही होतो आणि खोली नाकारली गेली तर रात्रीच्या वेळी मुलं घेऊन जायचं कुठे. चार जण झोपू शकतील असं लिहिलेलं असतं तेव्हा त्यातले दोन बैठकीच्या खोलीतल्या सोफ्यावर असतात, म्हणजे मुलं आठला झोपली की तुम्ही दोघं अंधारात बसायचं. दार असलेली दुसरी खोली आहे का ते विचारा.

पोचल्या पोचल्या घराचा व्हिडिओ काढा, सगळे नळ, शेगडी, वायफाय चालवून बघा. काही गडबड असेल तर एअरबीएनबीवर ती कळल्यापासून ७२ तासांत कळवावी लागते. आणि बोलणं सगळं प्लॅटफॉर्मवरच, फोनवर ठरलं असेल तरी मागून एक मेसेज टाकून ठेवायचा, आत्ता बोललो त्याप्रमाणे सोमवारी दुरुस्ती होणार आहे, असा.

सहप्रवासी

सगळ्यांचं वाचलं. थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा.

थेट बुक करा, एजन्सी नको, असा सूर लागलाय. मी सत्तरी ओलांडलेल्या आईला आणि दोन मुलांना घेऊन पाच महिने गेलो होतो आणि आमचं सगळं एका ट्रॅव्हल एजंट बाईंनी केलं. एजन्सी म्हणजे निनावी वेबसाइट आणि एजंट म्हणजे नाव-गाव माहीत असलेला माणूस, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आईला व्हीलचेअर लागते. ती विमान कंपनीला निदान ४८ तास आधी कळवायची, प्रत्येक टप्प्यासाठी, आणि कळवलेलं पुढच्या कंपनीपर्यंत पोचलंय का तेही बघायचं, हे काम बाई करायच्या. एकदा मधल्या देशात आईला ताप आला, आम्ही तीन आठवडे थांबलो, बाईंना एक मेसेज केला आणि पुढची चार बुकिंग त्यांनी हलवली. मी त्या वेळी आईच्या उशाशी होतो. त्यांनी घेतलेली फी मी आनंदाने दिली आणि परत देईन.

दुसरं, आधी हॉटेल मग घर बघू ही पद्धत सगळ्यांना झेपत नाही. पाच दिवसांत घर शोधायचं म्हणजे ते पाच दिवस मुलांचे नसतातच. निदान पहिला मुक्काम पूर्ण ठरवून निघा, तिथे सगळ्यांचं घड्याळ बसू द्या.

उंबरठा

पहिल्या मुक्कामाबद्दल पटलं. आम्ही पहिला महिना घरी बसूनच पक्का केला होता, ते लिहायचं राहिलं. पुढे हात बसला मग शोधणं सोपं गेलं.

निळी_बॅग

सहप्रवासी, राग कसला. तुमच्या एजंट बाई आमच्यावेळी असत्या तर! मला म्हणायचं होतं ते हेच, समोर माणूस हवा. तो विमान कंपनीत असो की एजंट असो. फक्त गर्दीच्या सीझनला आधी हॉटेल मग घर हे करू नका, महिनाभर रिकामं असं घरच मिळत नाही.

अक्षांश

सगळं एका ॲपवर ठेवण्याचा मोह का होतो तर सगळं एका जागी दिसतं म्हणून. पण त्यासाठी खरेदी एका जागी करायची गरज नाही, नोंद एका जागी हवी. ट्रिपइट नावाचं साधन आहे, बुकिंगचा ईमेल त्यांच्या पत्त्यावर फॉरवर्ड केला की ते तारीखवार वेळापत्रक बनवतं. आम्ही काही महिने ते वापरलं, मग साध्या शेअर केलेल्या शीटवर आलो कारण मला जे रकाने हवे होते ते तिथे मिळाले.

ते रकाने लिहितो. कुठे, कधी, कुणाच्या लॉगिनने, कुठल्या कार्डवर, पैसे गेलेत की तिथे द्यायचेत, आणि सगळ्यात महत्त्वाचा, मोफत रद्द करायची शेवटची तारीख आणि वेळ. ती वेळ बहुधा त्या हॉटेलच्या ठिकाणची असते, आपण आहोत तिथली नाही. आम्ही एकदा रात्री अकराला निवांत रद्द करायला बसलो आणि तिकडे दुसरा दिवस उजाडला होता, तीन रात्रींचे पैसे गेले. तेव्हापासून प्रत्येक शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधीचा गजर दोघांच्या फोनमधे.

याच शीटमधे व्हिसाचे दिवस मोजा. शेंगेन म्हणजे युरोपातले एकाच व्हिसावर फिरता येणारे देश, तिथे कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस हा नियम आहे आणि तो सगळ्या शेंगेन देशांचा मिळून आहे, एका देशातून दुसऱ्यात गेलं की मोजणी परत सुरू होत नाही. व्हिसावर त्याहून कमी दिवस लिहिले असतील तर तेवढेच. बुकिंग साइट तुम्हाला त्याच भागात चार महिन्यांचं घर हसत हसत देते, तुम्ही तिथे राहू शकता की नाही हे तिला माहीत नसतं. युरोपियन कमिशनच्या साइटवर दिवस मोजायचा कॅल्क्युलेटर आहे तो वापरा. आणि पासपोर्ट, बरेच देश निदान सहा महिने मुदत शिल्लक मागतात, लहान मुलांच्या पासपोर्टची मुदत मोठ्यांपेक्षा कमी असते त्यामुळे दहा महिन्यांच्या प्रवासात आधी त्यांचा संपतो.

कार्डाचं थोडक्यात, दोन वेगवेगळ्या बँकांची कार्ड, दोन वेगवेगळ्या बॅगेत. पैसे देताना तुमच्या चलनात की स्थानिक चलनात असं मशीनने विचारलं तर स्थानिक. तुमच्या चलनात म्हटलं की विनिमय दर तो दुकानदाराचा मध्यस्थ ठरवतो आणि तो जवळजवळ नेहमी महाग असतो.

एकटी_आई_दोन_मुलं

दोन गोष्टी माझ्याकडून. एक म्हणजे माझं आणि मुलांचं आडनाव वेगळं आहे, त्यामुळे सीमेवर दोनदा विचारणा झाली. तुम्ही दोघं बरोबर आहात तरी दहा महिन्यांत कधीतरी एकाला एकट्याने मुलं घेऊन जावं लागेल, म्हणून दुसऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि मुलांच्या जन्मदाखल्याच्या प्रती दोघांकडेही असू द्या.

दुसरं जरा गंभीर आहे. हॉटेल बुक केल्यावर मला बुकिंग साइटच्याच मेसेजमधे निरोप आला की कार्ड पडताळून घ्या नाहीतर चोवीस तासांत बुकिंग रद्द होईल, लिंक दिलेली, माझं नाव, तारखा, रक्कम सगळं अचूक. मी कार्डचा नंबर टाकायच्या अगदी बेतात होते. मग हॉटेलच्या साइटवरून नंबर घेऊन फोन केला तर त्यांचा अकाउंटच कोणीतरी घुसून वापरत होतं. मेसेज खऱ्या जागेतून आला म्हणजे तो खरा असतोच असं नाही. प्लॅटफॉर्मच्या बाहेर नेणाऱ्या लिंकवर पैसे किंवा कार्ड कधीही नाही. मुलांच्या गडबडीत, घाईत असताना हे होतं, म्हणून लिहिलं.

मनमोकळी

बाप रे. हे घरात सगळ्यांना वाचून दाखवते.

साखळी_सोडा

घर अदलाबदल कोणी केलीय का? आम्ही होमएक्स्चेंजवर आहोत, ही कल्पना तिथे १९९२ पासून चालू आहे. त्याच वेळी एकमेकांच्या घरी राहायलाच हवं असं नाही, तुमच्याकडे कोणी राहिलं की पॉइंट मिळतात आणि ते दुसऱ्याच कोणाच्या घरी वापरता येतात. कुटुंबांसाठी याचा फायदा म्हणजे मुलं असलेल्या घरात मुलांची खुर्ची, खेळणी, पुस्तकं असतातच. पाऊलखुणा तुमचं घर भाड्याने जातंय त्यामुळे तुम्हाला आत्ता जमणार नाही, पण भाडेकरू शोधायच्या आधी ज्यांनी हा धागा वाचला त्यांनी विचार करा.

ट्रस्टेडहाउससिटर्सही आम्ही पाहिलं, दुसऱ्याच्या घरी राहून त्यांची कुत्री-मांजरं सांभाळायची. खूप लहान मूल असेल तर मला ते योग्य वाटत नाही, त्या प्राण्याच्या दृष्टीनेही.

रुळांवरून

जमिनीवरच्या प्रवासाला रोमटूरिओ, दोन ठिकाणं टाकली की ट्रेन, बस, बोट, गाडी सगळे पर्याय दाखवतं. वेळा मात्र त्या त्या रेल्वेच्या साइटवर पक्क्या करा. आणि ट्रेनसाठी मार्क स्मिथ यांची सीट सिक्स्टी-वन ही साइट, ते स्वतः रेल्वेत काम केलेले, २००१ पासून एकट्याने ती चालवायला घेतली, कुठल्या डब्यात कुटुंबासाठी टेबलाच्या सीट आहेत इथपर्यंत माहिती असते. युरोपात रेल्वेचा पास घेणार असाल तर युरेल आणि इंटररेल या पासांवर ४ ते ११ वर्षांच्या मुलांचा पास मोठ्यांबरोबर मोफत असतो, एका मोठ्यामागे दोन मुलं. पण पास मोफत म्हणजे सीटचं आरक्षण मोफत नव्हे, ते जिथे लागतं तिथे वेगळं घ्यायचं.

तिकीटघर

विम्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. वर्षभराची मल्टी-ट्रिप पॉलिसी म्हणजे वर्षभर बाहेर राहिलात तरी चालेल असं नाही. त्यात एका प्रवासाला दिवसांची मर्यादा असते, ३०, ४५, ६० अशी काहीतरी. दहा महिने सलग जाणाऱ्याला एकाच लांब प्रवासाची पॉलिसी लागते. तिकीट काढताना शेवटच्या पानावर जो विमा टिक करून घ्यायला लावतात तो तेवढ्या तिकिटापुरता समजा, तुमची गरज त्याने भागत नाही. घरी परत येऊन मग नवी घ्यावी लागते की बाहेर असताना मुदत वाढवता येते, हे निघायच्या आधी लेखी विचारून घ्या.

पाऊलखुणा

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय, मधे रोज रात्री मुलं झोपल्यावर आम्ही दोघं हा धागा उघडून बसायचो.

काय केलं ते सांगते. जाण्याचं एकेरी तिकीट थेट विमान कंपनीकडून घेतलं, तीच वेळ एका साइटवर स्वस्त होती पण त्यात बॅगा धरल्याच नव्हत्या, चौघांच्या बॅगा घातल्यावर फरक फार उरला नाही. मुलाला जातानाच स्वतःची सीट घेतली, बावीस महिन्यांचा धडधाकट मुलगा इतके तास मांडीवर बसणार नाही हे नवऱ्यानेच म्हटलं. पुढच्या देशात जायचं तिकीट पूर्ण परतावा मिळणारं घेऊन ठेवलंय. परतीचं नंतर, तारीख खुली झाली की.

पहिला महिना एका घरात, ३० रात्री. रद्द करण्याचे नियम वाचले, तारीख शीटमधे टाकली, दोघांच्या फोनमधे गजर लावला. दुसऱ्या ठिकाणी हॉटेलच्या पाच रात्री, त्यापुढचं काही ठरवलं नाहीये, आणि खरं सांगू का, आधी याची भीती वाटत होती, आता त्यातच बरं वाटतंय. मुलगी विचारते मग आपण कुठे राहणार, तिला सांगितलं आपण मिळून शोधायचं, तर तिने वहीत घराची यादी काढलीय, झोपाळा सगळ्यात वर आहे.

विमा लांब प्रवासाचा एकच घेतला, मुदतवाढीचं लेखी मागवलंय, उत्तर यायचंय. एजंट मात्र अजून मिळालेला नाही, मधल्या दोन अवघड टप्प्यांसाठी शोधतेय, कुणाच्या ओळखीत माणूस असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

आणि उंबरठाताई, घरमालकीणबाईंना खिडक्यांचे फोटो मागितले होते, दुसऱ्या दिवशी सकाळी आठ फोटो आले. बाल्कनीला जाळी आहे, आणि त्यांनी स्वतःहून विचारलंय की लहान पलंग माळ्यावरून काढून ठेवू का.

उंबरठा

घ्या ते घर!

तिकीटघर

छान झालं. १३ आकडी नंबर आले का?

पाऊलखुणा

चारही आले काका. एकाच पीएनआरवर आहेत, कंपनीच्या साइटवर चौघांची नावं एकाखाली एक दिसताहेत.